चुना, स्नोसेम की इमल्शन? कागलच्या बाहेरच्या भिंतींचा इतिहास



या मालेत आपण आजवर संस्थानं, चळवळी, कायदे असे वजनदार विषय घेत आलो. आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, प्राध्यापकांकडचे विषय संपले बहुतेक. घराच्या बाहेरच्या भिंतीला कोणता रंग द्यावा, हा आजचा विषय. पाऊस सरला, दसरा-दिवाळी जवळ आली की कागलच्या कुठल्याही रंगाच्या दुकानात हा प्रश्न दिवसातून वीस वेळा विचारला जातो. चुना मारायचा, स्नोसेम मारायचं, की जरा खर्च करून इमल्शन? दुकानदार उत्तर देतो, रंगारी दुसरं उत्तर देतो, आणि शेजारी तिसरं. तिघांची उत्तरं तीन वेगळ्या काळांतून आलेली असतात, हे मात्र तिघांनाही ठाऊक नसतं. आज आपण त्या तीन काळांतून जाऊ आणि शेवटी निवड कशी करायची तेही पाहू. कारण हा प्रश्न नुसता शोभेचा नाही. चुकीच्या भिंतीवर चुकीचा रंग बसला तर घराचं आयुष्य कमी होतं, आणि जुन्या पेठांतून ते घडताना दिसतं आहे.

कागलच का घेतलं? कोल्हापूरच्या दक्षिणेला, पुणे-बंगळुरू महामार्गावरचं हे तालुक्याचं गाव. कर्नाटकाची हद्द इथून हाकेच्या अंतरावर. घाटगे घराण्याच्या जहागिरीचं ठिकाण. राजर्षी शाहू महाराज याच घराण्यातले. २६ जून १८७४ चा त्यांचा जन्म, मूळ नाव यशवंतराव, वडील कागलचे जयसिंगराव आबासाहेब घाटगे. म्हणजे एकाच गावात जहागीरदारांचा वाडा आहे, कुळांची मातीची घरं आहेत, साखर कारखाना आल्यावर उभी राहिलेली स्लॅबची घरं आहेत आणि पंचतारांकित औद्योगिक वसाहतीमागोमाग आलेल्या इमारतीही आहेत. गैबी चौकातून कुठल्याही दिशेला दहा मिनिटं चाललं तर दीडशे वर्षांच्या भिंती पाहून होतात.

सुरुवात मात्र रंगापासून करायची नाही, मातीपासून करायची. आपल्या गावगाड्याची भाषा आठवा. शेताची जमीन ती 'काळी' आणि गावठाणाची जमीन ती 'पांढरी'. काळीचा वसूल, पांढरीची वस्ती. पिढ्यानपिढ्या एकाच जागी घरं बांधली, पडली, पुन्हा बांधली, चुलीची राख मिसळली, त्यातून ती फिकट, चिकट माती तयार झाली. काळी माती भिंतीला चालत नाही. ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. पांढरी तशी करत नाही. म्हणून भिंती पांढऱ्या मातीच्या, आणि लिंपणही तिचंच. आपल्या पूर्वजांनी गावाला जे नाव दिलं ते भिंतीच्या रंगावरून दिलं, असं म्हटलं तरी फार चूक होणार नाही.

मातीच्या भिंतीचा बाहेरचा 'रंग' म्हणजे माती, शेण आणि बाईचा हात. सारवण पावसानं धुऊन जायचं आणि पाऊस सरला की पुन्हा केलं जायचं. पश्चिमेकडच्या भिंतीवर झड येते, म्हणून पावसाळ्याआधी तिला उसाच्या पाल्याचा आडोसा बांधायचा. हा आडोसा म्हणजे आजच्या भाषेत वॉटरप्रूफ कोटिंग. फरक इतकाच की दिवाळीला तो काढून चुलीत घालता येत असे. शिवाय कौलारू किंवा गवती छपराची वळचण भिंतीच्या पुढे हात-दीड हात आलेली असायची. ही वळचण लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या गोष्टीतलं ते महत्त्वाचं पात्र आहे.

मातीच्या घरांच्या दुसऱ्या टोकाला दगड. कोल्हापूरचा नवा राजवाडा १८७७ ते १८८४ या काळात बांधला गेला, आराखडा मेजर चार्ल्स मॅन्ट यांचा. काळा घडीव दगड, आणि बाहेरून रंग नाही. ज्या १८८४ साली हा वाडा पुरा झाला त्याच वर्षी मार्चमध्ये कागलच्या यशवंतरावांचं दत्तकविधान झालं. ज्याची भिंत दगडाची, त्याला रंगाची गरज नाही. ऐपतीचं सर्वांत मोठं लक्षण रंग नव्हतंच. रंग न लावता पाऊस सोसणारी भिंत, हे होतं. रंगाची गरज मधल्यांना: ज्यांची भिंत मातीची किंवा विटांची, पण ज्यांना सारवणापेक्षा टिकाऊ काही हवं होतं. त्यांच्यासाठी चुना.

चुन्याची गोष्ट मोठी सुंदर आहे. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. भट्टीत ती साधारण नऊशे अंशांपर्यंत तापवली की तिच्यातला कर्बवायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातलं की तो फसफसतो, उकळतो, आणि मऊ लोण्यासारखा चुना तयार होतो. हा पातळ करून भिंतीवर मारला की तो हवेतला कर्बवायू परत ओढून घेतो आणि हळूहळू पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो. म्हणजे दगड भट्टीत गेला, पाण्यात गेला, कुंच्यावर आला आणि भिंतीवर जाऊन पुन्हा दगड झाला. चुना वाळतो असं आपण म्हणतो. खरं तर तो वाळत नाही, तो दगड होतो. म्हणूनच जुने रंगारी भिंत आधी ओली करून घेत आणि पातळ पातळ तीन हात मारत. कोरड्या भिंतीवर जाड चुना मारला की पाणी भिंतीत पळून जातं, दगड व्हायला सवड मिळत नाही, आणि मग टेकून बसलं की पाठ पांढरी होते. लोक म्हणतात, चुना वाईट. वाईट चुना नसतो, घाई वाईट असते.

बांधकामाच्या आणि गिलाव्याच्या चुन्यासाठी घाणी असायची. गोल दगडी चर, त्यात फिरणारं जड दगडी चाक आणि त्याला जुंपलेला बैल. आपल्या कित्येक किल्ल्यांवर या घाण्या अजून पाहायला मिळतात. चुन्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी घालत. रंगाच्या चुन्यात डिंक किंवा मीठ घालत आणि पांढरेपणा खुलावा म्हणून चिमूटभर नीळ.

आता रंगछटांकडे येऊ. जुन्या घरांच्या भिंती पाहिल्या तर चारच रंग दिसतात: पांढरा, पिवडीचा पिवळा, कावेचा तांबडा आणि निळा. लोकांना बाकीचे रंग आवडत नव्हते का? तसं नाही. ओला चुना अतिशय दाहक असतो. हात भाजतो, डोळ्यात गेला तर डोळा जातो. बहुतेक रंगद्रव्यं तो खाऊन टाकतो. काव आणि पिवडी या मुळात लोहाच्या माती आहेत, त्या चुन्यात टिकतात. निळ्यातही निवड आहे. प्रशियन निळा चुन्यात मरतो, अल्ट्रामरीन टिकतो. हा अल्ट्रामरीन पूर्वी मौल्यवान दगड कुटून मिळवत. फ्रान्समध्ये १८२८ च्या सुमारास तो कृत्रिमरीत्या करण्याची रीत सापडली आणि पुढे कपड्यांची नीळ म्हणून तो जगभरच्या बाजारात पुडीत मिळू लागला. म्हणजे खेड्यातली आकाशी भिंत आपण जिला 'अस्सल जुनी' म्हणतो, ती धुण्याच्या निळीच्या पुडीतून आलेली आहे. परंपरा पुष्कळदा आपण समजतो त्याहून तरुण असते.

इथे इतिहासाला एक वळण येतं. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगाचा कायदा झाला. पुण्यात रँडच्या अमलाखाली घरांची झडती झाली, सामान बाहेर काढलं गेलं, आणि घरं जंतुनाशकांनी धुऊन त्यांना चुना फासला गेला. त्या छळातून काय घडलं ते २२ जून १८९७ ची तारीख आपल्याला सांगते. रोग घराच्या जमिनीत आणि भिंतीत मुरून बसतो, अशी तेव्हाची समजूत होती. उंदरावरच्या पिसवेचा संबंध पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवला तो १८९८ साली. तोवर आणि त्यानंतरही काही काळ चुना हे सरकारी औषध होतं. कोल्हापूर संस्थानात साथ आली तेव्हा शाहू महाराजांनी लोकांना घरांतून काढून माळावरच्या झोपड्यांत हलवण्यावर भर दिला, आणि उंदरांपासून माणूस दूर गेला हे त्यात खरं उपयोगी पडलं.

आम्हाला यात महत्त्वाचं वाटतं ते असं. तोवर घराची बाहेरची भिंत ही घरच्यांची गोष्ट होती. सणाला सारवा, लग्नाला चुना मारा, नाहीतर तशीच ठेवा. प्लेगनंतर भिंत ही सरकारच्या नजरेची गोष्ट झाली. पांढरी भिंत म्हणजे स्वच्छ घर, मातकट भिंत म्हणजे अस्वच्छ घर, हे समीकरण शाळा, दवाखाने, चावड्या यांच्या भिंतींवरून घराघरांत शिरलं असावं, असा आमचा कयास आहे. सारवलेली भिंत अस्वच्छ नसते, पण ती 'मागासलेली' ठरली. रंगाची निवड इथून पुढे नुसती पावसाशी जोडलेली राहिली नाही, ती इभ्रतीशी जोडली गेली.

इभ्रतीचा मुद्दा निघालाच आहे तर कागलपुरता आणखी एक संदर्भ. मार्च १९२० मध्ये माणगावची परिषद झाली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते आणि शाहू महाराज तिथे आले होते. हे माणगाव तेव्हा कागल जहागिरीतलं. आज आपल्या भागातल्या कितीतरी वस्त्यांतून गडद निळ्या भिंती दिसतात. तो निळा चुन्यात टाकलेल्या निळीचा निळा नाही. तो निवडलेला निळा आहे, जाणून घेतलेला. दोन शेजारच्या भिंती एकाच रंगाच्या असून त्यांचे इतिहास वेगळे असू शकतात. दुकानातलं रंगांचं कार्ड हे सांगत नाही.

आता डब्यातल्या रंगाकडे येऊ. हिंदुस्थानात रंगाचे कारखाने विसाव्या शतकात निघाले. १९०२ साली हावड्याला शालिमार, १९२० साली मुंबईत लोअर परळला जो कारखाना निघाला त्याचं पुढे नेरोलॅक झालं, आणि १९४२ साली, महायुद्धात परदेशी रंगाची आयात बंद असताना, मुंबईत चार मित्रांनी एका गॅरेजमध्ये एशियन पेंट्स सुरू केली. १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी त्यांच्यासाठी हातात ब्रश आणि डबा घेतलेला गट्टू काढला. तो पुढे पत्र्याच्या पाट्यांवरून तालुक्या-तालुक्यांत पोचला.

पण हा डब्यातला रंग पहिल्यांदा बाहेरच्या भिंतीवर आला नाही. तो आला दारांवर, खिडक्यांवर, गजांवर, बैलगाडीवर. ऑइलपेंट. भिंत चुन्याची आणि दार हिरव्या ऑइलपेंटचं, ही जोडी आपल्या घरांत कित्येक वर्षं राहिली. कोल्हापूरकरांना पेंटर या शब्दाचं अप्रूप आधीपासूनच होतं. बाबूराव मेस्त्री हे नाव कुणाला पटकन आठवणार नाही, बाबूराव पेंटर म्हटलं की सगळे ओळखतात. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता हा माणूस सिनेमाकडे गेला. ज्या गावात पेंटर ही पदवी आडनाव होऊन बसते, तिथे भिंत रंगवणाऱ्यालाही थोडा मान मिळतो. रंगारी आणि पेंटर यांत मात्र आपण भेद केला. चुना मारतो तो रंगारी, डबा उघडतो तो पेंटर.

चुन्याच्या पुढची पायरी सिमेंटच्या रंगाची. पांढरं सिमेंट, त्यात थोडा चुना आणि रंगद्रव्य, अशी भुकटी. पाण्यात कालवायची आणि घट्ट व्हायच्या आत मारून संपवायची. नंतर दोन-तीन दिवस भिंतीवर पाणी मारायचं, कारण हाही रंग वाळत नाही, सिमेंटसारखा 'धरतो'. स्नोसेम हे एका कंपनीचं नाव, पण आपल्याकडे ते त्या जातीच्या सगळ्याच रंगांचं नाव होऊन बसलं. डालडाचं झालं तसंच.

मग स्नोसेम खेड्यात उशिरा का आलं? कारण ते नुसतं दुकानात असून भागत नाही, ते बसायला सिमेंटची भिंत लागते. आणि सिमेंट परमिटवर मिळत होतं. ज्येष्ठ श्रोत्यांना ते दिवस आठवत असतील. लग्नाचा मांडव घालायला जितकी खटपट, तितकीच चार पोती सिमेंट मिळवायला. याच सिमेंटच्या वाटपावरून १९८२ च्या जानेवारीत महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना, बॅरिस्टर अंतुले यांना, जावं लागलं. त्याच वर्षी सिमेंट अंशतः नियंत्रणमुक्त झालं आणि १९८९ मध्ये पूर्णपणे. दरम्यान १९८४ साली राजस्थानात गोटनला जे. के. चा आणि १९८८ साली बिर्लांचा पांढऱ्या सिमेंटचा कारखाना सुरू झाला. करडं सिमेंट मोकळं झालं, पांढरं सिमेंट मुबलक झालं, आणि आपल्या भागात उसाचं बिल हातात पडू लागलं होतं. या तीन गोष्टी एकत्र आल्या आणि गुलाबी, पिस्ता, पिवळी अशी स्नोसेमची घरं गावोगाव दिसू लागली. एखाद्या गावाच्या भिंतींचा रंग दिल्लीच्या एका अधिसूचनेनं बदलतो, तो असा.

आता मघाचं पात्र परत आणू या: वळचण. कौलं गेली, स्लॅब आला. कौलारू छपराला उतार होता आणि पुढे आलेली वळचण होती. स्लॅबला उतार नाही, आणि जागा वाचवायची म्हणून पुढे काढलेला भागही नाही. खिडकीवर वीतभर छज्जा, बस्स. म्हणजे भिंतीवरची छत्री आपणच काढून घेतली. आणि मग भिंतीला रेनकोट घालायची वेळ आली. 'वॉटरप्रूफ बाहेरचा रंग' ही गरज कंपन्यांनी निर्माण केली, असं आपण रागानं म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. ती गरज आपण घराचा आकार बदलला तेव्हाच निर्माण झाली होती, कंपन्यांनी तिला डबा पुरवला.

तो डबा म्हणजे अ‍ॅक्रिलिक इमल्शन. याची विद्या जर्मनीत १९०१ साली ऑटो रोम या संशोधकाच्या प्रबंधापासून सुरू होते आणि निव्वळ अ‍ॅक्रिलिकचं रंगासाठीचं इमल्शन अमेरिकेत १९५३ साली बाजारात येतं. काम कसं होतं पाहा. पाण्यात प्लास्टिकचे अतिसूक्ष्म गोळे तरंगत असतात. रंग भिंतीवर मारला की पाणी उडून जातं, गोळे एकमेकांना चिकटतात आणि सलग पापुद्रा तयार होतो. त्या पापुद्र्यावर पावसाचं पाणी ठरत नाही. तो थोडा ताणला जातो, म्हणून बारीक केसासारख्या भेगा झाकतो. बुरशी धरू नये म्हणून त्यात औषधं असतात. पाच-सात वर्षं हात लावावा लागत नाही.

आणि इथे अर्थशास्त्र येतं. चुना स्वस्त, पण दरवर्षी मारायचा. घरच्या माणसांनी घरच्या कुंच्यानं मारला तर काहीच लागत नाही. पण माणसं नोकरीला गेली, घर दुमजली झालं, परांची बांधावी लागली आणि रंगाऱ्याची मजुरी वाढली. मग दरवर्षीचा स्वस्त चुना सात वर्षांच्या महाग इमल्शनपेक्षा महाग पडू लागला. लोक आळशी झाले म्हणून चुना गेला, हे आम्हाला पटत नाही. लोकांनी हिशेब केला आणि तो बहुतेकांच्या बाबतीत बरोबर होता.

बहुतेकांच्या, सगळ्यांच्या नाही. आता आजच्या व्याख्यानाच्या गाभ्याशी येतो. आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं, तेव्हा थोडं न्याय-वैशेषिकाकडे वळण्याची मुभा द्या. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात रूपाचे सात प्रकार सांगितले आहेत: शुक्ल, नील, पीत, रक्त, हरित, कपिश आणि चित्र. शेड कार्डाच्या मानानं फार थोडे. पण महत्त्वाचं वेगळंच आहे. रूप हा गुण आहे आणि गुण द्रव्यात समवाय संबंधानं राहतो. समवाय म्हणजे तुटू न शकणारा संबंध. दोन वेगळी द्रव्यं एकमेकांना लागून असतात तो संयोग, आणि संयोग तुटू शकतो. 'माझी भिंत निळी आहे' असं आपण म्हणतो, पण नैयायिक म्हणेल, भिंत निळी नाही. डब्यातलं द्रव्य निळं आहे, आणि भिंतीशी त्याचा नुसता संयोग आहे.

काटेकोर नैयायिक चुन्यालाही संयोगच म्हणेल, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी व्यवहारात फरक डोळ्यांना दिसतो. चुन्याचा थर चुन्याच्या गिलाव्यावर बसतो तेव्हा दोन्ही एकाच जातीचे होतात. तो झिजतो, पण सोलून निघत नाही. इमल्शनचा पापुद्रा वेगळा राहतो, आणि संयोग तुटला की पोपडा पडतो. तो कधी तुटतो? मागून पाणी आलं की.

मातीची, भाजक्या विटांची, चुन्यातली जुनी भिंत जमिनीतून ओल वर ओढते. पायात डांबराचा किंवा सिमेंटचा ओलरोधक थर नसतोच. शेकडो वर्षं ही ओल भिंतीच्या अंगातून बाहेर हवेत निघून जात आली, कारण सारवण आणि चुना दोन्ही तिला वाट देतात. त्याच भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला, वर लांबी भरली आणि इमल्शनचे दोन हात मारले, की ओलीची वाट आवळली जाते. अ‍ॅक्रिलिक अगदी काचेसारखं बंद नसतं, पण चुन्याच्या मानानं फार कमी श्वास घेऊ देतं. मग ओल आत साचते, अजून वर चढते, सोबत क्षार आणते. लोणा लागतो. आतल्या बाजूला पोपडे पडतात. बाहेरून भिंत दोन-तीन वर्षं नव्यासारखी दिसते आणि आतली माती मऊ होत जाते. एखाद्या जोरदार पावसात असं घर बसतं तेव्हा लोक म्हणतात, जुनंच होतं. जुनं होतं हे खरं, पण ते जुनं असूनच इतकी वर्षं उभं होतं.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांनंतर कोल्हापूर जिल्ह्यात या प्रश्नाला धार आली. पुराचं पाणी दिवसेंदिवस भिंतीत मुरलं. अशी भिंत महिनोन् महिने ओली राहते. गणपती-दिवाळीपर्यंत घर पूर्वीसारखं दिसावं ही घरच्या माणसांची इच्छा अगदी समजण्यासारखी आहे. संकटातून बाहेर आल्याची ती खूण असते. पण ओली भिंत रंगाच्या पापुद्र्यात गुंडाळणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं. अशा वेळी एक वर्ष नुसता पातळ चुना मारून भिंत सुकू द्यावी, आणि मग हवा तो रंग द्यावा.

तर मग निवड कशी करायची? शेड कार्ड उघडण्याआधी भिंतीला विचारायचं, तू कशाची आहेस. भिंत मातीची किंवा चुन्यात बांधलेली असेल तर चुना, आणि गिलावाही चुन्याचाच. भिंत सिमेंटची, खर्च कमी, छज्जे पुरेसे, तर सिमेंटचा रंग अजूनही चांगला. फक्त जुना चुना खरवडून काढायला हवा आणि पाणी मारायचा कंटाळा नको. भिंत सिमेंटची, उघडी, पश्चिमेची झड खाणारी, तर इमल्शन. पण नवा गिलावा चार आठवडे पुरता मुरल्याशिवाय आणि अस्तराचा हात दिल्याशिवाय नाही. गच्चीतून किंवा नळातून पाणी झिरपत असेल तर आधी ती गळती. जगातला कोणताही रंग गळती बंद करत नाही, फक्त काही काळ लपवतो.

आणखी एक सावधगिरी. जुन्या ऑइलपेंटात शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर दशलक्षात नव्वद भाग ही मर्यादा आली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीची दारं-खिडक्या घासताना कोरडी धूळ उडवू नये, ओली करून घासावी, आणि लहान मुलांना लांब ठेवावं.

गंमत म्हणजे इतिहास आता उलटा वळतो आहे. १२ जानेवारी २०२१ रोजी खादी आयोगाचा शेणापासून केलेला प्राकृतिक पेंट बाजारात आला. शेण पुन्हा भिंतीवर आलं, फक्त या वेळी डब्यातून. उन्हाळे कडक होत चालले तसे अहमदाबादनं २०१७ पासून गरीब वस्त्यांतल्या छपरांना पांढरा रंग द्यायला सुरुवात केली, आणि तेलंगणानं २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरणच आणलं. ऊन परतवणारा स्वस्त पांढरा रंग शोधता शोधता लोक पुन्हा चुन्यापाशी येत आहेत. आम्ही जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतले नाही. पण जुनं का होतं, हे कळल्याशिवाय ते टाकूही नये आणि उचलूही नये.

अवघड भाग वेगळाच आहे. चुना आजही मिळतो, पण चुना भिजवून मुरवणारा, भिंत ओली करून पातळ तीन हात मारणारा रंगारी मिळत नाही. डबा उघडणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचा दोष नाही. त्यांना शिकवलं तेच कंपनीच्या मेळाव्यात. जुन्या वाड्याचा मालक मनानं तयार असला तरी हात मिळत नाहीत, म्हणून तोही शेवटी इमल्शनकडे जातो. एखादी विद्या पुस्तकात राहिली तरी हातातून गेली की ती गेलीच. कागलसारख्या गावात जुन्या पेठेतली काही घरं अजून चुन्याची आहेत, आणि चुना मारता येणारी काही म्हातारी माणसं अजून आहेत. या दिवाळीला त्यांच्यापैकी एकाला बोलवा, सोबत एक तरुण पोरगा द्या आणि परसातली एक भिंत दोघांकडून रंगवून घ्या. व्याख्यानानं जे होणार नाही ते त्या एका भिंतीनं होईल.

बाकी दुकानदाराला विचारायचं ते विचाराच. पण भिंतीला आधी विचारा.